तांडेल आणि शिक्षक

शिडाच्या नौकेतून वर्ष-दोन वर्षांच्या सागरप्रवासास निघालेल्या कुटुंबांच्या दिनक्रमात एक गोष्ट बहुधा समान आढळते. सकाळची न्याहारी आटोपली, रात्रीच्या पाळीवर जागलेले माणूस विश्रांतीस गेले, की केबिनमधील जेवणाच्या मेजावर पाठ्यपुस्तके उघडली जातात. मेज हालत असते, पुस्तकांची पाने खाऱ्या दमटपणाने जड झालेली असतात, लिहिताना पेन्सिल घसरते. तरीही दोन-तीन तास गणित, भाषा, इतिहास या विषयांचा अभ्यास चालतो. समुद्र शांत असेल तर तो पुरा होतो, नसेल तर राहतो. आणि राहिला की आईवडिलांच्या मनाला एक चुटपुट लागते. आपले मूल मागे तर पडणार नाही?

या चुटपुटीतील ‘मागे’ हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. मागे म्हणजे कोणाच्या मागे? ज्या शाळेतून मुलाला काढून आणले, त्या शाळेतील वर्गाच्या मागे, हे त्याचे सरळ उत्तर. परंतु तो वर्ग तर आईवडिलांनी समजूनउमजून सोडलेला असतो. किनाऱ्यावरील जगाच्या घड्याळाला नकार देऊन ही माणसे समुद्रावर आली. आणि आता त्याच घड्याळाशी मुलाची वेळ जुळवून ठेवण्यासाठी ती धडपडत आहेत. वरवर पाहता ही विसंगती आहे. ती केवळ भित्रेपणातून आली आहे, की तिच्यात एखादे नैतिक शहाणपण आहे, हा प्रश्न सागरप्रवासापुरता मर्यादित नाही. मुलाच्या वाट्याला आपले आयुष्य कितपत द्यावे, या सर्व पालकांना पडणाऱ्या प्रश्नाचे ते एक ठळक रूप आहे.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहावी. कॅनरी बेटांपासून कॅरिबियन समुद्रातील बेटांपर्यंतचे अंतर सुमारे २७०० सागरी मैल आहे. व्यापारी वाऱ्यांच्या साहाय्याने लहान नौकेला ते कापण्यास साधारण तीन आठवडे लागतात. पनामापासून मार्केसस बेटांपर्यंतचा टप्पा याहून बराच मोठा, सुमारे चार हजार मैलांचा. त्यात महिना सहज जातो. अशा टप्प्याचे पहिले काही दिवस समुद्र लागण्यातच जातात, आणि त्या अवस्थेत पुस्तकाकडे पाहणेही नकोसे होते. म्हणून अनुभवी कुटुंबे अभ्यासाचा मोठा भाग नांगर टाकल्यावर उरकतात. उत्तर अटलांटिकमध्ये जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, तर दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात नौका सुरक्षित बंदरात थांबवावी लागते. न्यूझीलंडसारख्या ठिकाणी थांबलेली काही कुटुंबे तेवढ्या महिन्यांपुरते मुलांना तेथील शाळेतही घालतात. सत्र आणि सुट्टी यांची जागा अशा रीतीने वारा आणि वादळ घेतात.

अभ्यासक्रम मुलापर्यंत पोहोचवण्याची सोयही नवी नाही. बाल्टिमोर येथील कॅल्व्हर्ट स्कूलने १९०६ साली घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने पाठ पाठवण्यास प्रारंभ केला. दूरदेशी राहणारी मिशनरी कुटुंबे, राजनैतिक अधिकारी आणि पुढे नौकांवर राहणारी कुटुंबे यांनी त्या पाठांचा आधार घेतला. पुढच्या बंदरातील टपालकचेरीत पुस्तकांचे पार्सल येऊन पडेल, या हिशेबाने मार्ग आखावा लागे. आज उपग्रहामार्फत भर समुद्रातही पाठ आणि शिक्षक दोन्ही पडद्यावर अवतरू शकतात. ज्याला खर्च परवडतो त्याच्यापुरता तरी, पुस्तक पोहोचवण्याचा प्रश्न सुटलेला आहे. जो उरतो तो निराळ्या प्रतीचा आहे.

अशा प्रवासाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. अक्षांश आणि रेखांश या शाळेतील मुलाला नकाशावरील रेघा वाटतात. नौकेवरील मुलाला त्यांच्यावाचून आपण कोठे आहोत हेच कळत नाही. सेक्स्टंटने मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजताना त्याला कोनांचे प्रयोजन सांगावे लागत नाही. गोडे पाणी किती लिटर उरले आणि किती दिवस पुरवायचे, हा भागाकार चुकला तर त्याचा परिणाम त्याला स्वतःला भोगावा लागतो. रूसोने १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एमिल’मध्ये आपल्या कल्पित शिष्याला पुस्तकांपासून दूर ठेवले, आणि पहिले पुस्तक म्हणून दिले ते ‘रॉबिन्सन क्रूसो’. वस्तूंशी थेट झगडून मिळालेले ज्ञान खरे, हा त्यामागील विचार. नौकेवर मुलाला शिकवणारे पालक जाणता-अजाणता रूसोचेच वारसदार असतात.

भारतीय वाङ्मयात याहून जवळचे उदाहरण आहे. रवींद्रनाथांची मुंज झाल्यानंतर १८७३ साली त्यांचे वडील देवेंद्रनाथ त्यांना बोलपूर आणि अमृतसर या मार्गाने हिमालयात डलहौसीस घेऊन गेले. शाळेत न रमलेल्या त्या मुलाला वडील स्वतः संस्कृत आणि इंग्रजी शिकवत, रात्री आकाशातील ताऱ्यांची ओळख करून देत. ‘जीवनस्मृती’त रवींद्रनाथांनी या दिवसांविषयी कृतज्ञतेने लिहिले आहे. त्यातील एक तपशील शिक्षणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. देवेंद्रनाथांनी आपल्या मौल्यवान घड्याळाला किल्ली देण्याचे काम मुलाकडे सोपवले. मुलाने ते इतक्या उत्साहाने केले की घड्याळ दुरुस्तीसाठी कलकत्त्यास पाठवावे लागले. चूक होणार हे गृहीत धरून जबाबदारी देणे, आणि चूक झाल्यावर मुलावरचा विश्वास न काढणे, हा त्या प्रवासातील सर्वांत मोठा पाठ म्हणावा लागेल.

येथेच नौका आणि डलहौसीची टेकडी यांतील भेद दिसू लागतो. घड्याळ बिघडले तर कलकत्त्यास पाठवता येते. भर समुद्रात शिडाचा दोर चुकीच्या क्षणी सुटला तर ती चूक कोठेही पाठवता येत नाही. नौकेवर म्हणूनच एकाची आज्ञा चालावी लागते. कोकणच्या किनाऱ्यावर होडीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. दर्यावर तांडेलाचा शब्द अखेरचा असतो, आणि त्यावरची चर्चा बंदराला लागल्यावर करायची असते. ही हुकूमशाही नसून अनुभवातून आलेली सुरक्षेची रीत आहे. परंतु शिक्षकाचे काम याच्या नेमके उलट आहे. शिक्षकाच्या शब्दावर प्रश्न उभा करता आला पाहिजे. किंबहुना तसा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभा राहणे हीच त्याच्या अध्यापनाची सार्थकता. सकाळी नऊ वाजता ज्या वडिलांच्या विधानावर शंका घ्यायची, त्यांचीच आज्ञा दहा वाजता वादळाची चाहूल लागताच निमूटपणे पाळायची, ही कसरत मुलाला रोज करावी लागते. पालक, शिक्षक आणि तांडेल या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या, की मुलापुरते तरी एक निरपवाद सत्ताकेंद्र निर्माण होते.

किनाऱ्यावरील मुलाला याहून अधिक मोकळीक असते, ती शाळा उत्तम असते म्हणून नव्हे. शाळा पुष्कळदा सुमारच असते. परंतु घर आणि शाळा ही दोन निराळी ठिकाणे असतात. शिक्षकांची तक्रार आईकडे करता येते, आईविषयीचा राग मित्राजवळ बोलता येतो, आणि आजोबांच्या घरी जाऊन दोघांनाही विसरता येते. एका सत्तेपासून दुसरीकडे जाण्याच्या या पायवाटा मुलाच्या स्वातंत्र्याची पहिली शाळा होत. नौकेवर त्या पायवाटा नसतात. बारा मीटर लांबीच्या जागेत रुसून बसायलाही कोपरा सापडत नाही.

रॉबर्टसन कुटुंबाची हकिकत या संदर्भात आठवते. पूर्वी व्यापारी जहाजावर अधिकारी असलेले आणि नंतर इंग्लंडमध्ये शेती करणारे डूगल रॉबर्टसन १९७१ साली पत्नी व चार मुलांसह ‘लुसेट’ या नौकेतून निघाले. मुलांनी जगाच्या शाळेत शिकावे, ही त्यांची इच्छा होती. १५ जून १९७२ रोजी पॅसिफिकमध्ये देवमाशांच्या धडकेने नौका बुडाली. त्यानंतर सहा माणसांनी आधी तराफा आणि मग एक लहान होडी यांच्या आधारे ३८ दिवस काढले. त्यांत रॉबर्टसन यांची जुळी लहान मुले होती. एका जपानी मासेमारी नौकेने सर्वांना जिवंत वाचवले. तांडेलाच्या अधिकाराचे मोल अशा प्रसंगी कळते. त्याच्या शिस्तीवाचून ती माणसे वाचणे अवघड होते. परंतु त्याच प्रवासातील दुसरी एक गोष्ट तितकीच बोलकी आहे. त्या कुटुंबातील थोरली मुलगी बहामा बेटांवर उतरून आधीच प्रवासातून बाहेर पडली होती. ती वयाने मोठी होती, म्हणून तिला उतरता आले. जुळ्या मुलांना उतरण्याचा पर्याय नव्हता. सर्व वाचले म्हणून हा भेद पुसला जात नाही.

पालकांचा प्रयोग आणि मुलाने चुकवलेली त्याची किंमत हा विषय निघाला, की समुद्राचे निमित्त मागे पडते. महात्मा गांधींनी १८९७ साली दरबान येथे आपल्या मुलांना युरोपियनांच्या शाळेत घातले नाही. इतर हिंदी मुलांना ज्या शाळेची दारे बंद होती तेथे केवळ मेहेरबानी म्हणून आपल्या मुलांनी जावे, हे त्यांना पटेना. पुढे जोहान्सबर्गला असताना कार्यालयात जाण्यायेण्याच्या एकूण सुमारे पाच मैलांच्या पायी प्रवासात ते मुलांशी बोलत, आणि हेच त्यांचे शिक्षण असे मानत. हेतूची शुद्धता निर्विवाद होती. तरीही आपण मुलांना पुरेसे पुस्तकी शिक्षण देऊ शकलो नाही, याची मुलांना खंत आहे, हे आत्मकथेत त्यांनीच नमूद केले. थोरला मुलगा हरिलाल १९११ साली घर सोडून भारतात आला आणि मॅट्रिकच्या परीक्षेची तयारी करू लागला. ज्या परीक्षेला वडिलांनी गौण लेखले तीच मुलाला हवी होती. मतांच्या दृष्टीने वडील बरोबर होते की मुलगा, हा येथे मुद्दा नाही. वडिलांनी ज्या गोष्टीचा त्याग केला ती त्यांनी आधी मिळवलेली होती. मुलाला ती मिळण्यापूर्वीच सोडावी लागली. बॅरिस्टर होऊन पदवीची निरर्थकता जाणणे निराळे, आणि पदवीवाचून तिची निरर्थकता ऐकून घेणे निराळे.

सागरप्रवासास निघणाऱ्या पालकांची स्थितीही अशीच असते. शिक्षण, नोकरी, बचत या पायऱ्या चढून झाल्यावर ते त्या पायऱ्यांकडे पाठ फिरवतात. त्यांच्या विरक्तीला पूर्वभोगाचा आधार असतो. मुलाला तो नसतो. म्हणून केबिनमधील मेजावर उघडलेले गणिताचे पुस्तक हे पालकांच्या धैर्याचा अभाव दर्शवत नाही. आपल्याला नकोसे झालेले जग मुलाला हवेसे वाटू शकेल, याची ती मूक कबुली आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८० साली मुलाच्या ‘खुल्या भविष्या’च्या अधिकाराची कल्पना मांडली. मूल मोठे होईल तेव्हा ज्या निवडी त्याला करावयाच्या आहेत, त्यांची दारे पालकांनी आज बंद करू नयेत, असा तिचा आशय. रोजचा पाठ म्हणजे अशा एका दाराच्या बिजागरीला घातलेले तेल होय.

जॉन स्टुअर्ट मिल याला घरी शिकणे म्हणजे काय ते पुरेपूर ठाऊक होते. वडिलांनी त्याला वयाच्या तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवण्यास प्रारंभ केला. समवयस्क मुलांची संगत त्याला जवळजवळ लाभली नाही. आणि १८२६ साली, विशीत, तो तीव्र मानसिक विफलतेतून गेला. अभ्यासात तो कोणाच्याही मागे नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. याच मिलने १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात असे सुचवले की शासनाने शिक्षण सक्तीचे करावे, परंतु ते सर्वांना स्वतःच देऊ नये. मूल शिकले की नाही हे परीक्षेने पाहावे, आणि न शिकल्यास जबाब पित्याला विचारावा. पालकाचे स्वातंत्र्य मान्य करूनही मुलाला पालकाच्या स्वाधीन न करणारी ही भूमिका आहे. बाहेरच्या कोणीतरी अधूनमधून केबिनमध्ये डोकावले पाहिजे, एवढेच ती सांगते.

परंतु डोकावणाऱ्याने काय पाहावे? विस्कॉन्सिनमधील आमिश पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवण्यास नकार दिला, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली पालकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः असहमती नोंदवली. पालक आणि राज्य यांच्या वादात ज्या मुलांच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यांचे मत विचारले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारातील बाराव्या कलमात हेच तत्त्व आले, आणि १९९२ साली भारताने तो करार मान्य केला.

मुलाचे मत विचारावे हे म्हणणे सोपे, ऐकणे अवघड, याचा प्रत्यय लॉरा डेकर हिच्या प्रकरणात आला. आईवडिलांच्या सागरप्रवासातच जन्मलेली आणि आरंभीची वर्षे नौकेवर वाढलेली ही डच मुलगी २००९ साली, तेरा वर्षांची असताना, एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करू म्हणाली. नेदरलँडच्या न्यायालयाने तिला बालसंरक्षण यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवले. जुलै २०१० मध्ये ती देखरेख उठली. दूरशिक्षणाचे पाठ सोबत घेऊन ती निघाली, आणि २१ जानेवारी २०१२ रोजी, सोळाव्या वर्षी, सिंट मार्टेन बेटावर तिने प्रदक्षिणा पुरी केली. वादळात पुस्तकांना दुय्यम स्थान मिळाले आणि अभ्यास रेंगाळला, त्यावरूनही वाद झाला. येथे समुद्र मुलीला हवा होता आणि शाळा राज्याला. तथापि ही इच्छा तिची स्वतःची, की नौकेवरच्या बालपणाने तिच्यात घडवलेली? हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. मात्र तो किनाऱ्यावर वाढून डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलीलाही विचारला पाहिजे. प्रत्येक मुलाची इच्छा कोणाच्या तरी घरात घडलेली असते. म्हणून तिचे मूळ शोधत बसण्यापेक्षा ती बदलण्यास वाव ठेवला आहे की नाही, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

भारतात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा, ही त्यातील तरतूद परतणाऱ्या प्रत्येक मुलासाठी महत्त्वाची आहे. तिची खरी गरज मात्र निराळ्याच प्रवाशांना आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगार बिऱ्हाड पाठीवर घेऊन साखर कारखान्यांच्या परिसराकडे निघतात, आणि त्यांची मुले वर्ग अर्ध्यावर सोडून त्यांच्याबरोबर जातात. त्या मुलांनाही पाण्याचा हिशेब येतो, वाऱ्यापावसाची चाहूल कळते, धाकट्या भावंडांना सांभाळता येते. परंतु त्यांच्या या जाण्याला कोणी ‘जगाच्या शाळेतील शिक्षण’ म्हणत नाही. गळती म्हणतात, आणि ते खरेच आहे. त्यांच्यासाठी साखरशाळा काढाव्या लागल्या, तशाच कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढल्या. अनुभव दोन्हीकडे आहे. परतीची हमी एकीकडेच आहे. प्रवास शिक्षण ठरतो तो त्या हमीमुळे, हे ऊसतोड्याच्या मुलाकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते. नौकेवरील पालकांनी आपल्या मुलाच्या अनुभवाचे कौतुक करताना हे विसरता कामा नये की त्या अनुभवाला मोल आणणारी गोष्ट त्यांच्या बँकेत आणि त्यांच्या पदव्यांत आहे, समुद्रात नाही.

यातून नौकेवरील शाळेची कर्तव्ये बरीचशी निश्चित करता येतात. पाठ नियमित असावा, कारण तो परतीचे वचन आहे. शिकवणारा आवाज नेहमी एकच असू नये. पत्राने, उपग्रहाने किंवा बंदरातल्या ओळखीने का होईना, मुलाला आईवडिलांखेरीज दुसऱ्या कोणाचे तरी उत्तर ऐकायला मिळावे. समवयस्क मुले जेथे असतील तेथे नांगर थोडा अधिक काळ राहू द्यावा, मग मार्गाचे वेळापत्रक बिघडले तरी चालेल. तांडेलाची आज्ञा आणि शिक्षकाचे मत यांतील सीमा मुलाला स्पष्टपणे सांगितलेली असावी, आणि ज्या आज्ञेवर भर वादळात प्रश्न विचारता आला नाही तिचा जाब नांगर पडल्यावर विचारण्याचा त्याचा हक्क मान्य केलेला असावा.

आणि सर्वांत अखेरचे कर्तव्य सर्वांत कठीण आहे. गणितात मूल वर्गाच्या पुढे असेल, तीन भाषांत बोलत असेल, तारे ओळखत असेल. तरी एखाद्या संध्याकाळी ते म्हणू शकेल, की पुरे झाले, आता परत जाऊ. त्या क्षणी नौका वळवलीच पाहिजे असे नाही. प्रवासात इतरांचीही आयुष्ये गुंतलेली असतात, आणि लहान मुलाची प्रत्येक इच्छा हा निर्णय नव्हे. परंतु त्या वाक्याला मेजावर जागा मिळाली पाहिजे, रोज सकाळी पुस्तकांना मिळते तेवढी तरी. ज्या नौकेवर हे वाक्य उच्चारता येते तेथे अभ्यास महिनाभर राहिला तरी मूल मागे पडत नाही. ज्या नौकेवर ते उच्चारता येत नाही, तेथे सर्व पाठ वेळेवर पुरे होऊनही शिक्षण झाले असे म्हणता येणार नाही.